रुळांतला प्रवाह आणि उघडे राहिलेले फाटक

८ जुलै २०२५ रोजी सकाळी तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात, सेम्मनकुप्पम येथील रेल्वे फाटकावर, विल्लुपुरमहून मयिलादुतुरैकडे निघालेली पॅसेंजर गाडी शाळेच्या एका व्हॅनवर आदळली. तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. प्राथमिक चौकशीत जे पुढे आले त्यातली एक गोष्ट विज्ञानाच्या अंगाने विचार करण्याजोगी आहे. स्टेशनच्या नोंदीनुसार फाटक बंद होते. प्रत्यक्षात ते उघडे होते. गेटमनने दूरध्वनीवर फाटक बंद केल्याची खूण म्हणून ठरलेला क्रमांक सांगितला होता, आणि त्या क्रमांकाच्या भरवशावर गाडीला पुढचा मार्ग मिळाला होता.

वृत्तपत्रांतली चर्चा स्वाभाविकपणे गेटमनच्या बेजबाबदारपणाभोवती फिरली. पण फाटकाची खरी स्थिती आणि फाटकाविषयीची माहिती या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात, हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे. त्याचे भौतिकशास्त्रीय उत्तर दीडशे वर्षांपूर्वी सापडलेले आहे. ते उत्तर काय होते, ते कुठे कुठे अपुरे पडले आणि सेम्मनकुप्पमपर्यंत ते का पोहोचले नव्हते, याचा इतिहास उद्बोधक आहे आणि काहीसा अस्वस्थ करणाराही.

रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात तिथे धोक्याची सूचना देण्याचे पहिले साधन म्हणजे माणूस. दिवसा झेंडा, रात्री कंदील. इंजिनाच्या शिटीचा जन्मही अशाच एका छेदावर झाला अशी आख्यायिका इंग्लंडात सांगितली जाते. १८३३ मध्ये लेस्टर-स्वॅनिंग्टन मार्गावरच्या इंजिनाने लोणी आणि अंडी घेऊन बाजाराला निघालेल्या एका घोडागाडीला ठोकर दिली आणि त्यातून वाफेच्या कर्ण्याची कल्पना निघाली, अशी ती गोष्ट. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. लोण्याअंड्यांचा तपशील मात्र इतका चविष्ट आहे की ती मागे पडायला तयार नाही.

माणूस झोपतो, विसरतो, त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. म्हणून गाडीनेच आपल्या येण्याची वर्दी द्यावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांच्या मनात घोळत होती. ती तडीस नेली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याने आपली स्वयंचलित सिग्नलची रचना मांडली. विद्युतमंडल एरवी उघडे असे. गाडी आली की ते पूर्ण होई, प्रवाह वाहू लागे आणि धोक्याची खूण दिसे. रचना चालली आणि लोकांनी कौतुकही केले. पण रॉबिन्सनला तिच्यातला दोष दिसला. तार तुटली किंवा बॅटरी संपली तर गाडी येऊनही प्रवाह वाहणार नाही, आणि सिग्नल ‘मार्ग मोकळा आहे’ असेच सांगत राहील. म्हणजे यंत्र बंद पडणे आणि धोका नसणे या दोन स्थिती बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतील.

१८७२ मध्ये त्याने हा विचार उलटा केला आणि पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांध्यांनी वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. प्रवाह एका रुळातून जातो, रिलेच्या वेटोळ्यातून फिरतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. मार्ग मोकळा असतो तेव्हा हा प्रवाह अखंड वाहत असतो आणि रिलेला वर उचलून धरतो. गाडी तुकड्यात शिरली की तिची लोखंडी चाके आणि आस दोन्ही रुळांना थेट जोडतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले उपाशी राहतो आणि खाली पडतो. तो पडला की घंटा वाजते, दिवे लागतात. रिले पाडण्यासाठी कोणतीही ऊर्जा लागत नाही; ते काम गुरुत्वाकर्षण करते, आणि गुरुत्वाकर्षण कधी नादुरुस्त होत नाही. आता तार तुटली, बॅटरी संपली किंवा रूळ तडकून प्रवाह खंडित झाला तरी परिणाम एकच: रिले पडतो आणि सूचना सुरू होते. यंत्र चुकू शकते हे गृहीत धरून, चुकले तर ते कोणत्या बाजूला चुकावे हे रॉबिन्सनने आधीच ठरवून ठेवले. रेल्वेच्या सिग्नलशास्त्रातला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे, आणि त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र ओहमच्या नियमापलीकडे जात नाही. आजही सिग्नलच्या रिलेमध्ये धातूच्या समोर कार्बनचा संपर्कबिंदू वापरतात, तो याच विचारातून. धातूवर धातू असेल तर ठिणगीने ते एकमेकांना चिकटण्याची शक्यता असते, आणि चिकटलेला रिले पडत नाही.

कागदावर ही रचना निर्दोष आहे. तिची परीक्षा रुळांवर सुरू होते.

पहिला शत्रू पाऊस. दोन रुळांमधली खडी आणि स्लीपर हे परिपूर्ण विद्युतरोधक नसतात. खडीत माती, कोळशाची भुकटी आणि चिखल साचलेला असतो. त्यावर पाऊस पडला की एका रुळातून दुसऱ्या रुळात थोडा थोडा प्रवाह झिरपू लागतो. गळती वाढली की रिलेपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही आणि गाडी नसतानाही रिले पडतो. भारतीय रेल्वेच्या सिग्नल नियमपुस्तिकेत खडीचा रोध स्टेशनच्या आवारात किलोमीटरला किमान २ ओहम आणि दोन स्टेशनांमधल्या मार्गावर किमान ४ ओहम असावा अशी अट आहे. कोकणातल्या किंवा केरळातल्या आषाढात ही अट पाळणे हे वर्षभराच्या स्वच्छतेचे काम आहे. भारतात पूर्वी बिडाच्या आणि पोलादाच्या स्लीपरांचे प्रमाण मोठे होते. त्या मार्गांवर ट्रॅक सर्किट बसवणेच अशक्यप्राय होते, कारण स्लीपरच दोन रुळांना जोडून टाकत. काँक्रीटचे स्लीपर सर्वत्र आल्यावर ही अडचण सरली.

दुसरा शत्रू गंज, आणि तो अधिक घातक. पाऊस यंत्राला खोटी भीती घालायला लावतो; गंज त्याला गप्प बसवतो. ज्या रुळांवर गाड्या क्वचित धावतात त्यांच्या माथ्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो. हा थर अर्धवाहकासारखा वागतो. त्याच्यावरचा विद्युतदाब एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय तो प्रवाह जाऊ देत नाही, आणि ट्रॅक सर्किटचा दाब मुळातच अगदी अल्प असतो. मग गाडी रुळांवर उभी असूनही विद्युतदृष्ट्या ती तिथे नसते. शरद ऋतूत रुळांवर चिरडलेली पाने आणि चाके घसरू नयेत म्हणून इंजिनाने टाकलेली वाळू हेच करतात. किती वाईट संपर्क गृहीत धरायचा याची मोजपट्टीही देशागणिक बदलते. भारतात आणि ब्रिटनमध्ये रुळांवर ०.५ ओहमचा रोध ठेवला तरी रिले पडला पाहिजे. अमेरिकेत ही कसोटी ०.०६ ओहमची आहे. म्हणजे अमेरिकी मानक चाक आणि रूळ यांच्यातल्या संपर्काबद्दल बरेच अधिक आशावादी आहे.

या आशावादाची किंमत इलिनॉय राज्यात दिसते. तिथल्या एका मार्गावर प्रवासी गाड्या हलक्या असल्यामुळे फाटकाची यंत्रणा त्यांना कधी कधी ओळखत नाही, म्हणून मालक रेल्वे कंपनीने गाडीला किमान ३२ आस असलेच पाहिजेत अशी अट घातली. प्रवासी नसले तरी गरजेपुरते जास्तीचे डबे जोडायचे, केवळ रुळांना गाडीचे अस्तित्व पटावे म्हणून. ब्रिटनमध्येही चाकाच्या कडेवर घासणारे जुने ब्रेक जाऊन डिस्क ब्रेकच्या नव्या गाड्या आल्या, तेव्हा असाच प्रकार घडला. जुने ब्रेक चाकाला घासून स्वच्छ करत होते ही गोष्ट ते ब्रेक गेल्यावर कळली. मग गंजाचा थर भेदण्यासाठी गाड्यांवर वेगळे विद्युत उपकरण बसवावे लागले. फ्रान्समध्ये क्षणिक पण उच्च दाबाचे स्पंद रुळांत सोडण्याची पद्धत निघाली. तिचा उपयोग भारतातही झाला आहे. दुसरा मार्ग म्हणजे विद्युतमंडलाचा नाद सोडून आस मोजणे: शिरताना किती, बाहेर पडताना किती. भारतात असे अ‍ॅक्सल काउंटर आता मोठ्या प्रमाणावर आहेत आणि पावसाने ते गोंधळत नाहीत. त्यांची दुर्बलता वेगळी आहे. मोजणी चुकली तर ती पुन्हा शून्यावर आणावी लागते, आणि तुकडा खरोखर रिकामा आहे की नाही हे त्या वेळी माणसानेच ठरवायचे असते.

यंत्राने गाडी अचूक ओळखली तरी पुढचा प्रश्न उरतो: सूचना किती आधी द्यायची? गाडी ठरावीक जागी आल्यावर घंटा वाजवली, तर वेगवान गाडीसाठी २५ सेकंद मिळतात आणि रेंगाळणाऱ्या मालगाडीसाठी चार-पाच मिनिटे. चार मिनिटे घंटा ऐकत उभा राहिलेला वाहनचालक पाचव्यांदा थांबत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट इथे शब्दशः लागू पडते. यावर १९६० च्या दशकात अमेरिकेत एक सुंदर उपाय निघाला. रुळांत प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा. फाटकापासून गाडीपर्यंतचे रूळ हे एक लांबट वेटोळेच असते, आणि त्याचा प्रतिरोध गाडीच्या अंतराच्या प्रमाणात असतो. प्रतिरोध मोजला की अंतर कळते. तो ज्या वेगाने घटतो त्यावरून गाडीचा वेग कळतो. दोहोंच्या भागाकारातून गाडी किती सेकंदांत येईल ते कळते. मग गाडी मंद असो वा जलद, सूचना साधारण सारखाच वेळ आधी देता येते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे गणित मांडता येईल. प्रत्यक्षात ओली खडी आणि गंज इथेही आडवे येतात, ते वेगळे.

आतापर्यंतचे बिघाड यंत्राच्या आतले होते. विसाव्या शतकातल्या काही भीषण अपघातांत मात्र प्रत्येक यंत्र ठरल्याप्रमाणे चालले होते.

६ जानेवारी १९६८. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातले हिक्सन. तिथे नुकतेच स्वयंचलित अर्धे फाटक बसवले होते. ब्रिटनमध्ये अशी फाटके १९६१ पासून येऊ लागली होती. १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर वाहून नेणारे सुमारे ४५ मीटर लांबीचे वाहन, पोलिसांच्या सोबतीने, ताशी तीनेक किलोमीटरच्या वेगाने फाटक ओलांडू लागले. ही यंत्रणा गाडी येण्याच्या २४ सेकंद आधी सूचना देत असे. त्या वाहनाला नुसती स्वतःची लांबी सरकायला ५० सेकंद लागत होते. मँचेस्टरहून लंडनला निघालेली जलद गाडी त्याच्यावर आदळली आणि ११ जण ठार झाले. फाटकाची यंत्रणा तपासली गेली. तिच्यात काहीही बिघाड नव्हता. अवजड वाहनाच्या चालकाने ओलांडण्यापूर्वी सिग्नलमनला दूरध्वनी करावा अशी अपेक्षा होती, पण ती चालकालाही ठाऊक नव्हती आणि सोबतच्या पोलिसांनाही. चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. त्याच वाहतूक कंपनीच्या वाहनावर पूर्वी दुसऱ्या एका फाटकावर असाच प्रसंग आला होता, कंपनीने रेल्वेला पत्र लिहिले होते, आणि रेल्वेचे उत्तर उद्दामपणाचे होते. अपघातानंतर ठळक पाट्या आणि लाल दिव्याआधी पिवळा दिवा हे सारे आले. ते पत्र कोणी नीट वाचले असते तर कदाचित आधीच आले असते.

त्याच्या आदल्या वर्षी, ६ जुलै १९६७ रोजी, पूर्व जर्मनीत लांगेनवेडिंगेन येथे घडलेला अपघात सेम्मनकुप्पमच्या अधिक जवळचा आहे. दिवस उन्हाळ्याचे होते. तापमान वाढले की तार लांबते आणि तिचा झोळ खाली येतो, हा शाळेतल्या पुस्तकातला धडा. फाटकाजवळची टेलिफोनची केबल अशीच खाली लोंबली होती. गाडी येणार म्हणून फाटकाची दांडी खाली घेतली जात असताना ती केबलमध्ये अडकली. ती सोडवण्यासाठी दांडी पुन्हा थोडी वर घेण्यात आली. पेट्रोलच्या टँकरच्या चालकाला वाटले की फाटक उघडते आहे. त्याने टँकर पुढे घेतला. गाडीला मात्र मोकळ्या मार्गाचा सिग्नल आधीच दिलेला होता. टँकर फुटला, डबे पेटले. ९४ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांत सुट्टीच्या शिबिराला निघालेली अनेक मुले होती. त्या स्टेशनात फाटक आणि सिग्नल यांच्यात कोणतेही यांत्रिक बंधन नव्हते, म्हणून फाटक उघडे असतानाही सिग्नल गाडीला बोलावू शकत होता.

२५ ऑक्टोबर १९९५ रोजी इलिनॉयमधल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे रेल्वेचे सिग्नल आणि रस्त्याचे दिवे एकमेकांशी जोडलेले होते, तरीही शाळेच्या बसमधली सात मुले दगावली. बस चौकातल्या लाल दिव्यापाशी थांबली होती आणि तिचा मागचा भाग रुळांवर राहिला होता. रेल्वेच्या यंत्रणेने आपल्या मानकाप्रमाणे वेळेत वर्दी दिली. रस्त्याच्या यंत्रणेने ती वर्दी घेऊन, आपल्या मानकाप्रमाणे आधी पादचाऱ्यांचा वेळ पूर्ण केला आणि मग बससमोरचा दिवा हिरवा केला. उरले अवघे काही सेकंद. एक यंत्रणा रेल्वेची, दुसरी राज्याच्या वाहतूक खात्याची. दोघांच्या वेळांची बेरीज पुरेशी पडते का, हे तपासणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

आता भारत. इथे फाटके प्रामुख्याने माणसाच्या हाती राहिली, आणि फार मोठ्या संख्येने कोणाच्याच हाती नव्हती. मानवरहित फाटकांचा इतिहास म्हणजे मृतांची यादी आहे. २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हान येथे वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे गेली. २०१४ मध्ये तेलंगणात मासाइपेट येथे नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजर शाळेच्या बसवर आदळली. २०१८ मध्ये कुशीनगरजवळ १३ शाळकरी मुले मृत्युमुखी पडली. कायद्याने अशा ठिकाणी जबाबदारी वाहनचालकाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ नुसार चालकाने गाडी थांबवून, सोबत्याला रुळांपर्यंत चालत पाठवून, दोन्ही दिशांना पाहायला लावायचे असते. हे कलम लिहिणाऱ्याने खेड्यातला रस्ता पाहिला होता की नाही, अशी शंका येते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात निःसंदिग्ध शिफारस केली होती: गेटमन असलेली आणि नसलेली सर्व फाटके पाच वर्षांत काढून टाका, तिथे पूल किंवा भुयारी मार्ग बांधा. अंदाजित खर्च सुमारे ५०,००० कोटी रुपये. अणुशास्त्रज्ञाने फाटकाची यंत्रणा सुधारा असे न म्हणता फाटकच नको असे म्हणावे, यात बिघाडाकडे पाहण्याची एक पक्की शिस्त दिसते. पाच वर्षे सरली. ब्रॉडगेजवरचे शेवटचे मानवरहित फाटक ३१ जानेवारी २०१९ पर्यंत गेले, आणि ती मोठी कामगिरी होती. गेटमन असलेली सुमारे सतरा हजार फाटके राहिली.

या फाटकांचे दोन वर्ग आहेत. अकरा हजारांहून अधिक फाटके इंटरलॉक केलेली आहेत. तिथे दांडी खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीसाठीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. गेटमन झोपला, तर गाडी लाल सिग्नलपाशी थांबते. काळी ‘जी’ अक्षराची पिवळी तबकडी असलेल्या त्या सिग्नलपाशी ती दिवसा एक आणि रात्री दोन मिनिटे थांबून, शिटी देत, सावधपणे पुढे सरकते. हा रॉबिन्सनचाच विचार आहे: चूक झालीच तर तिचे फळ विलंब असावे. ट्रकने दांडी मोडली तर पर्यायी सरकती दांडी लावायची सोयही अनेक ठिकाणी आहे, म्हणजे विलंबही आटोक्यात राहतो.

दुसऱ्या वर्गात हे बंधन नाही. तिथे स्टेशन मास्तर दूरध्वनी करतो, गेटमन फाटक बंद करतो आणि आपल्याजवळच्या छापील यादीतला पुढचा ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो. दोन अंकांची, क्रम नसलेली ही संख्या दोन्हीकडे लिहून ठेवली जाते. पद्धत मोठी कल्पक आहे. आजच्या संकेतनशास्त्रातल्या एकदाच वापरायच्या संकेताची ती आजी शोभेल. पलीकडे योग्य माणूस बोलतो आहे आणि त्याने हा निरोप ऐकला आहे, हे तिच्यामुळे सिद्ध होते. दांडी खाली आली आहे, हे मात्र तिच्यामुळे सिद्ध होत नाही. संख्या उच्चारणे आणि फाटक बंद होणे यांच्यामध्ये ना तार आहे, ना रिले. इथे फक्त बोललेला शब्द आहे, आणि तो चुकला की चूक सुरक्षित बाजूला झुकत नाही. सेम्मनकुप्पमचे फाटक या वर्गातले होते.

कोणते फाटक इंटरलॉक करायचे हे ठरवण्यासाठी रेल्वे दिवसभरातल्या गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरच्या वाहनांच्या एककांनी गुणते. मोटार एक एकक, बैलगाडी एक एकक, ऑटोरिक्षा अर्धे. गुणाकार २०,००० च्या वर गेला की इंटरलॉकिंग, असा उंबरठा होता. जुलै २०२५ च्या अपघातानंतर तो १०,००० वर आणण्याचा आदेश निघाला. फाटकांवर कॅमेरे बसवणे आणि दूरध्वनीवरच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे रोज तपासणे हेही ठरले. ‘कवच’ ही स्वदेशी यंत्रणा जिथे बसेल तिथे फाटकाजवळ येताना इंजिनाची शिटी आपोआप वाजेल. आदेश योग्य दिशेचे आहेत. पण या गणितात बैलगाडी आणि मुलांनी भरलेली शाळेची व्हॅन यांचे मूल्य सारखेच आहे: एक. पायी जाणाऱ्याचे मूल्य शून्य. दिवसाला २० गाड्या आणि ४०० वाहने असलेल्या फाटकाचा गुणाकार ८,००० येतो. तो नव्या उंबरठ्याच्याही खालीच राहतो. नुसत्या या निकषावर अशा फाटकाला इंटरलॉकिंग मिळत नाही. तिथला गेटमन दूरध्वनी उचलून दोन अंकी संख्या सांगतो आणि स्टेशन मास्तर ती वहीत लिहून घेतो.